अण्णांचं शहाळं आणि माझं मीठ

बाबांना झोपताना तीन उशा लागतात, हे मला अण्णांनी सांगितलं.

अण्णा आमच्या नात्यातले नव्हेत. बेंगळुरूच्या बसवनगुडीत आमच्या गल्लीत पाच घरं सोडून राहणारे, सत्तरी ओलांडलेले निवृत्त बस कंडक्टर. त्यांचे पूर्वज चार-पाच पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आले. घरात अजून मराठीच बोलतात, पण तिच्यात निम्मं कानडी असतं. त्या दिवशी त्यांनी मला फाटकाशी थांबवलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "मास्तरांना आडवं झालं की दम लागतो हो. दोन उशांवर भागत नाही. तिसरी बैठकीतली घेतात आणि सकाळी परत जागेवर ठेवतात. तुम्हाला म्हाईत असंल की."

"माहीत आहे," मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं. बाबांचं हृदय अशक्त झाल्याचं निदान झाल्यापासून त्यांचं सगळं मीच पाहत होतो. रोज सकाळी वजन, दोन वेळा रक्तदाब, सात खणांच्या डब्यात आठवड्याच्या गोळ्या. बायको तेव्हा तिच्या आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला गेली होती, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. माझ्या वहीत बाबांच्या घोट्यांची सूजसुद्धा लिहिलेली असायची. तिसरी उशी मात्र त्यांनी मला सांगितली नाही, अण्णांना सांगितली.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तपासून आणखी एक गोळी वाढवली. आठवड्याभरात गुण आला, उशा दोनवर आल्या. त्या सकाळी बाबा फाटकात उभे राहून ओरडले, "अण्णा, तुमच्यामुळं झोप लागली हो!" मी आत त्यांच्यासाठी नाचणीची आंबील ढवळत होतो.

माझे वडील सांगलीकडच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. आई गेल्यावर मी त्यांना बेंगळुरूला आणलं. मी इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनियर आहे, नोकरीची पंचवीस वर्षं झाली. आमच्यात बोलणं असं कधी नव्हतंच. "जेवलास?" "पेपर आला का?" "हं." मला वाटायचं, आता उतारवयात ते माझ्याशी बोलतील. ते बोलायला लागलेही, पण अण्णांशी.

दोघं रोज सकाळी बागेत फिरायला जायचे. बाबांना नकाशांचं वेड आणि अण्णांना शहरातले सगळे जुने बसमार्ग तोंडपाठ. एका रविवारी मीही त्यांच्यामागून चालत होतो.

"सांगा अण्णा, तुमचा मोठा बसस्टँड पूर्वी कुठं होता?"

"तळ्यात, मास्तर!"

"आणि तळं कुठं गेलं?"

"तिकीट न काढता उतरलं!"

बाबा इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. अण्णांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. मी पाण्याची बाटली घेऊन दोन पावलांवर उभा होतो. बाबांना हसून धाप लागली याची मला काळजी वाटायला हवी होती. मला एवढंच वाटलं की इतकं हसू या माणसात होतं कुठे.

आणखी एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझ्या मनात काय चाललं होतं ते कळेल. एकदा अण्णा सहज म्हणाले, "तुमच्या आईंना समुद्राची भीती होती म्हणे. भूगोलाच्या मास्तरांची बायको आणि समुद्र बघायला तयार नाही! मास्तर सांगून सांगून हसत होते." मी बावन्न वर्षांचा आहे. लहानपणी आम्ही कधी कोकणात गेलो नाही, याचा राग मी आयुष्यभर बाबांवर धरला होता. त्याचं खरं कारण मला एका कंडक्टरकडून कळलं. 'एका कंडक्टरकडून' हे शब्द तेव्हा माझ्या मनात जसे आले तसेच इथे लिहिले आहेत. ते लिहिताना शरम वाटते.

आता त्या नव्या गोळीबद्दल. डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं होतं. ही गोळी अंगात साठलेलं पाणी बाहेर काढते, पण पोटॅशियम मात्र आत धरून ठेवते. बाबांची रक्तदाबाची जी गोळी आधीपासून चालू होती, तीही तसंच करते. त्यात मधुमेहानं मूत्रपिंडं मंदावलेली, म्हणजे जादा पोटॅशियम बाहेर टाकायला तीही कमी पडणार. ते रक्तात फार वाढलं तर हृदयाचे ठोके अडखळतात, थांबूही शकतात. म्हणून शहाळं नको, केळी बेतानं, गुडघ्यासाठी मनानं वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. त्यांनी एक छापील इंग्रजी कागद दिला. मी त्याचं मराठी करून मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवलं. कागदातली शेवटची ओळ मात्र मी गाळली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मिठाऐवजी कमी सोडियमचं मीठ वापरू नये, अशी ती ओळ होती. मला वाटलं, असलं मीठ आपल्या घरात असतं कुठे? उगाच यादी वाढायला नको.

त्यानंतर काही दिवसांनी मी ऑफिसातून लवकर निघालो होतो. रिक्षा बागेच्या कोपऱ्यावर वळली आणि शहाळ्याच्या हातगाडीपाशी मला दोघं दिसले. एकच शहाळं होतं. अण्णांनी अर्धं पिऊन ते बाबांना दिलं. बाबांनी इकडंतिकडं पाहिलं, शाळेतून पळालेल्या पोरासारखं, आणि नळी तोंडाला लावली.

मी रिक्षा थांबवली नाही. घरी आल्यावरही काही बोललो नाही. कारण त्या क्षणी मला पोटॅशियम आठवलंच नव्हतं. मला दिसली होती ती फक्त दोघांत एक असलेली नळी.

आमच्या घरचं जेवण तेव्हा मिळमिळीत असायचं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि मी ते अक्षरशः पाळत होतो. संध्याकाळची आमटी मी करायचो. बाबा निमूटपणे जेवायचे, आणि गुरुवारी अण्णांकडे जेवून आले की म्हणायचे, "अक्कांच्या हातचं सारू काय असतं, वा!" अक्का म्हणजे अण्णांची बायको. सारू म्हणजे इकडचं सार. हे वाक्य मी किती गुरुवार ऐकलं असेल! तेवढ्यावरून मनात ठिणगी पडत गेली.

एका शनिवारी दुकानात मला मिठाची एक पिशवी दिसली. सोडियम कमी, हृदयाला चांगलं, असं काहीतरी पुढं ठळक लिहिलेलं. मला फ्रिजवरच्या यादीतून गाळलेली ती ओळ तेव्हा आठवली नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते पुरतं खरं नाही. पिशवी हातात घेतल्यावर काहीतरी अडलं होतं. मी ते अडलेलं काय आहे ते शोधलं नाही, इतकंच. पिशवी उलटी करून मागचं वाचलंही नाही. 'हृदयाला चांगलं' एवढंच मला हवं होतं.

मीठ चांगलंच आहे म्हटल्यावर मी हात आखडला नाही. आमटीत घातलं, भाजीत घातलं, ताकातही घातलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी वाटी पुढं केली. "अजून वाढ. आज आमटी जमली बघ तुला." बाबांनी माझं असं कौतुक शेवटचं कधी केलं होतं ते मला आठवेना. हे मिठामुळं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. ते माझ्या हाताचं आहे असं त्यांना वाटावं, असं मला वाटत होतं. पुढच्या गुरुवारी ते म्हणाले, "आज घरीच जेवतो." मी विळीवर कोथिंबीर चिरत होतो. खोटं कशाला बोलू, मनात म्हणालो, हरले अण्णा.

हे जेमतेम अडीच आठवडे चाललं.

मग एका सकाळी बागेत बाबांचे पाय लुळे पडले. उभं राहता येईना, बोलणं जड झालं. अण्णांनी नाडी पाहिली आणि त्यांना रिक्षात घालून थेट रुग्णालयात नेलं. मला फोन आला तेव्हा मी आंघोळ करत होतो. मी पोचलो तेव्हा बाबांना तारा लावलेल्या होत्या आणि नाडी चाळिसाच्या आत होती. रक्तात पोटॅशियम फार वाढलेलं. तासाभराच्या धावपळीनंतर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आता धोका टळला आहे, म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं, "खाण्यात काय बदललं? शहाळं वगैरे?"

अण्णा माझ्या शेजारीच उभे होते. पायात चप्पल नव्हती, ती बागेतच राहिली होती.

"हो, शहाळं," मी म्हणालो. "हे पाजतात. रोज."

"रोज नाही हो," अण्णा म्हणाले. "आठवड्यातून दोनदा. तेही अर्धं. मला म्हाईत नव्हतं... मास्तर म्हणाले, स्वल्प प्यायलं तर चालतं."

"फ्रिजवर लिहून ठेवलंय मी," मी म्हणालो. "मोठ्या अक्षरांत."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "आणि मीठ? कमी सोडियमचं नाही ना वापरत? त्यात पोटॅशियमच असतं."

त्या एका क्षणात मला सगळं कळलं. ती ओळ, पिशवी, आमटी, पुढं केलेली वाटी. आणि सगळं कळूनही मी म्हणालो, "नाही. साधंच मीठ, तेही कमी."

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. मी त्यांना उठवलं नाही.

घरी जाऊन मी पिशवीची मागची बाजू वाचली. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास, किंवा अमुक प्रकारची औषधं चालू असल्यास डॉक्टरांना विचारा, असं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. पिशवी मी कचऱ्यात टाकली. मीठ घरातून गेलं म्हणजे धोका गेला, मग सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. पण धोका गेला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी माझ्या शब्दावर हिशेब मांडला. आठवड्यातून दोन अर्ध्या शहाळ्यांनी या माणसाचं एवढं होत असेल, तर ही गोळी यांना झेपत नाही. त्यांनी ती कायमची बंद केली.

अण्णा पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. बाबांनी दोनदा फोन केला, तो अक्कांनी घेतला. "बरं नाही त्यांना," म्हणाल्या. बाबा सकाळी कपडे करून फाटकाकडच्या खुर्चीत बसायचे. मग मी म्हणायचो, "चला, मी येतो फिरायला." ते यायचे. जे मला इतके महिने हवं होतं ते मिळालं होतं. बागेत बाबांशेजारून मी चालत होतो, बाटली माझ्या हातात आणि ते माझ्या बाजूला. दोन फेऱ्यांत ते एक शब्द बोलत नसत. एकदा मी बळेच म्हणालो, "तो मोठा बसस्टँड पूर्वी तलाव होता म्हणे." बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "हं," म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात घोटे सुजले. तिसऱ्या आठवड्यात दोन फेऱ्यांची एक झाली, मग बाकापर्यंतच. एका सकाळी मी त्यांची खोली आवरायला गेलो, तर ते खुर्चीत बसूनच झोपले होते आणि पलंगावर चार उशा रचलेल्या होत्या. वहीत मी वजनच लिहीत होतो, ते दोन किलोंनी वाढलेलं होतं. हा आकडा कशामुळं वाढतोय ते मला ठाऊक होतं. माझ्याइतकं ठाऊक असलेलं जगात दुसरं कोणी नव्हतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी बाबांची छाती ऐकली आणि हळहळल्या. "ती गोळी यांना फार छान लागू पडली होती. आता दुसरं काहीतरी बघावं लागेल, पण..."

"मी खोटं बोललो," मी म्हणालो.

मी मिठाचं सगळं सांगितलं. किती, कशात कशात आणि किती दिवस. फ्रिजवरच्या यादीतून ओळ कशी गाळली तेही. बाबा माझ्या शेजारी बसले होते. ते समोरच्या भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं बघत होते, शाळेत नकाशाकडं बघत तसे.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे त्या दिवशी सांगायला हवं होतं," म्हणाल्या. "मग मी गोळी बंद केली नसती. नुसता डोस कमी केला असता. तीन आठवडे यांनी उगाच काढले." त्यांनी रक्त तपासून घेतलं, आकडा ठीक आल्यावर गोळी अर्धी करून सुरू केली आणि आठवड्यानं पुन्हा पोटॅशियम बघायला सांगितलं.

रिक्षात बसल्यावर बाबांनी विचारलं, "त्याला सांगितलंस?"

"कुणाला?"

"मला विचारतोस कुणाला म्हणून?" बाबांना धाप लागत होती, तरी ते थांबले नाहीत. "त्या माणसाची चप्पल गेली माझ्या पायी. तिकडं घे रिक्षा. आपल्या घरी नंतर."

अण्णांच्या घरी अक्कांनी दार उघडलं. बाबांना पाहून त्या "अय्यो, मास्तर!" म्हणाल्या आणि मला पाहून गप्प झाल्या. अण्णा आतून आले. वाळल्यासारखे दिसत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. चुकलं म्हणालो, हातही जोडले. कोणी मला बसा म्हटलं नाही.

अण्णा म्हणाले, "तीन आठवडे मी देवापुढं बसतोय हो. माझ्या हातून मास्तर जाणार होते म्हणून. हिला विचारा, गाडीवर शहाळं दिसलं की मी रस्ता बदलतो."

"तुमचीही चूक होती, अण्णा," बाबा म्हणाले. "आणि माझी तुमच्याहून मोठी. मी फ्रिजवरचं वाचलं होतं की."

"ते सरी, बरोबर आहे. पण चूक वेगळी आणि हे वेगळं." अण्णा माझ्याकडं वळले. "तुम्ही का केलं असं? मी तुमचं काय घेतलं होतं?"

मला या प्रश्नाचं उत्तर येत होतं. बाबांच्या समोर ते देता येईना. मी एवढंच म्हणालो, "त्यांना तुमच्याकडचं सारू आवडायचं."

अक्का दारातूनच म्हणाल्या, "मास्तरांचं सारू मी वेगळं काढते हो. त्यात मीठ घालतच नाही. मिरं, लिंबू, कोथिंबीर, वर हिंगाची फोडणी. पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं मी त्यांना."

बिनमिठाचं सारू. मी ज्याच्याशी स्पर्धा करत होतो ते.

अण्णांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. ते दुसऱ्या दिवसापासून सकाळी फाटकाशी यायला लागले, पण ते बाबांसाठी. मला पाहिलं की "नमस्कार" म्हणायचे. पूर्वी "काय हो, इंजिनियर?" म्हणायचे. बाबांनी मला मिठाबद्दल पुढं एक अक्षर विचारलं नाही. फ्रिजवरच्या यादीत गाळलेली ओळ मी लिहिली, ती त्यांनी वाचली, आणि तिच्याखाली स्वतःच्या हातानं रेघ ओढली. जुन्या मास्तरांचं लाल पेन अजून त्यांच्या खिशात असतं.

आठवड्यानं रक्त तपासायचं होतं. मी रजा टाकली होती. सकाळी बाबा म्हणाले, "तू जा ऑफिसला. अण्णा येतायत बरोबर. बसनं जाऊ. त्यांना आवडतं."

मी ऑफिसला गेलो. साडेअकरापर्यंत माझं एकही काम झालं नाही. मग फोन वाजला, तो अण्णांचा. बाबांनी प्रयोगशाळेत नंबर त्यांचा दिला होता.

"रिपोर्ट आला. पोटॅशियम ठीक आहे म्हणालेत. गोळी चालू ठेवा म्हणून डॉक्टरांनी पण सांगितलं."

माझे वडील वाचले होते, गोळी मानवली होती, श्वास परत येणार होता. हे सगळं मला सुचलं, पण नंतर. सर्वांत पहिलं सुचलं ते हे की रिपोर्ट आधी त्यांना कळला. असं आहे. एवढं सगळं होऊनही ते तसंच आहे, आणि मी ते लपवणार नाही, कारण लपवल्यानं काय होतं ते मी पाहिलं आहे.

"बाबांना फोन देता?" मी विचारलं.

मागं बसचा आवाज येत होता, माणसांची गर्दी. "थांबा हो... अय्यो, ते पुढं गेले. बस आली ना. खिडकीची जागा पाहिजे म्हणून धावले बघा, चार पावलं! मास्तर, हळू! स्वल्प हळू!" मग फोन बंद झाला.

बाबा दोन वर्षांत धावले नव्हते. मी टेबलाशी बसून होतो, फोन हातात धरून. चार पावलं का होईना, ते धावले होते, आणि ते मी पाहिलं नव्हतं.